बाकी पाच शे

अहो, चूल सारवून झाली होती, पाणी भरून झालं होतं आणि दारात भाजीवाली उभी होती. तुम्ही ओसरीवर पहिल्या चाचणीचे गणिताचे पेपर तपासत बसला होता. मान वर न करता विचारलंत, "मेथी कशी?" मी म्हटलं, "भाव पाच शे." तुम्ही जळगाव शहरातले, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि माझ्या अहिराणीची फिरकी घेणं हा तुमचा रोजचा खेळ. "पाचशे? मेथी आणतेस की सोनं?" मी चिडले. "पाच शे! म्हणजे पाच आहे!" तुम्ही हसलात, आणि हसता हसता थांबलात. आत जाऊन गेल्या वार्षिक परीक्षेचा बांधलेला गठ्ठा सोडलात.

आकड्यांत पोरं खाडाखोड करतात, म्हणून उत्तरं अक्षरांत लिहा, हा नियम तुमचाच. सातवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, "बाकी पाच शे." तुम्ही पाचशे वाचून फुली मारली होती. तेवढ्यावरच ती नापास झाली होती. पास झाली तर शाळा, नाहीतर लग्न, असं तिच्या बापाने आधीच सांगितलेलं. तुम्ही तशीच सायकल काढलीत. संध्याकाळी परत आलात तेव्हा पाणीही घेतलं नाहीत. बाप म्हणाला होता, "आते काय उपेग, मास्तर? सुपारी फुटी गयी." लग्न ठरलं होतं, आणि तोवर पोर यावलकडे केळीच्या मळ्यात मजुरीला गेली होती.

त्यानंतर प्रत्येक प्रश्नपत्रिका छापायला देण्याआधी तुम्ही मला वाचून दाखवायचात. "तुमच्याकडे याचा दुसरा काही अर्थ होतो का?" तुमच्या बोटामागे डोळे फिरवता फिरवता मला अक्षरं लागली. आज मी जाडजूड पुस्तकं वाचते. तिच्या फुलीवर मी वाचायला शिकले, हे मनातून जात नाही. तुम्ही मात्र तिच्याबद्दल मरेपर्यंत चकार शब्द काढला नाहीत.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. परवा पारोळ्याच्या बाजारात तिनेच मला ओळखलं. केस पिकलेत, कपाळ मोकळं. नातीला दटावत होती, "नीट शिक, नही ते मनासारखी ढ ऱ्हाशी." म्हणजे तिच्या स्वतःसारखी ढ. मला म्हणाली, "अक्का, मास्तरना काय दोष? मनं डोकंच नव्हतं." म्हणजे बापाने तिला खरं काय ते कधी सांगितलंच नव्हतं. मी पिशवी उचलून घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती भाकरी थापत होती. म्हटलं, "तुझं उत्तर बरोबर होतं." तिचे हात थांबले. "कोन म्हने?"

"मास्तर. जाताना सांगून गेले."

तुम्ही सांगून गेला नव्हतात. मी सांगितलं.