काळ्या दोरीचा दगड

मासातोशी,

तुझे बाबा परतलेले नाहीत. मी देवळामागं त्यांनी केलेल्या बागेकडे बघायला चालले आहे. चौकीत कळवलं आहे.

तुझ्या गाडीसाठी फाटकापासून दारापर्यंत काँक्रीट ओतून कामगार दुपारी गेले. उद्यापर्यंत पाय ठेवू नका म्हणाले. कामगारांची लाल पट्टी बाबांना हल्ली कळत नाही, म्हणून मी त्यांचाच काळ्या दोरीनं बांधलेला दगड फाटकात मांडला. जन्मभर लोकांच्या बागा करताना वाट बंद असली की ते हाच मांडायचे. ही खूण ते अजून विसरलेले नाहीत. मला वाटलं, थांबतील, मग मी मागच्या दारानं आत घेईन. पण त्यांना सोडणारी वृद्धकेंद्राची गाडी आज लवकर आली आणि मला ऐकूच आली नाही.

शेजारच्या ओकुबोबाईंनी पाहिलं. बाबा दगडापुढं वाकले आणि म्हणाले, "आज मालक कुणाला भेटत नाहीत वाटतं. येतो पुन्हा." बाईंना वाटलं, आजोबा गंमत करताहेत.

मी लग्न होऊन आले तेव्हा "हिची पावलं लहान आहेत" म्हणत त्यांनी या वाटेवरचे पाय ठेवायचे दगड कमी अंतरावर बसवले होते. ते काढून मागे रचून ठेवलेत. ठेकेदाराला नेऊ देऊ नकोस.

काळ्या दोरीचा दगड मी उचलला आहे. फाटक उघडं ठेव आणि तू घरातून हलू नकोस. ते आले तर ओल्या काँक्रीटवरूनच येऊ दे, ओरडू नकोस. पावलं उमटतील. ती बुजवू नकोस.

आई