रजिस्ट्रीतला आकडा

८ सप्टेंबर २०२५
सात लाख! फक्त सात!! डोकं सुन्न झालंय.

बिल्डरने पर्यावरणाची परवानगी न घेता सात मजले चढवले, बिल्डिंगची सगळी घाण नाल्यात सोडली. खालच्या कुसुमताईंच्या नातीला दोनदा कावीळ झाली. दोन वर्षं हरित लवादात भांडलो, आणि लवादाने नेमलेली कमिटी सुचवते — भरपाई सात लाख! घाण पाणी साफ करायचं यंत्र बसवलं असतं तर त्याचे पन्नास लाख लागले असते. म्हणजे न बसवणंच परवडलं!

आमची वकील मेघा म्हणाली, भरपाई प्रकल्पाच्या किमतीवर टक्क्याने लावतात. किंमत काढली आमच्याच फ्लॅटच्या रजिस्ट्र्यांमधले आकडे जोडून. आणि निम्मे पैसे तर सगळ्यांनी कॅश दिलेले! स्टँप ड्युटी वाचली म्हणून खूश होतो. शहाणे आम्ही!

१० सप्टेंबर
"काकू, एकाने तरी शपथपत्रावर खरी किंमत सांगा, कॅशसकट. मग आकडा वाढेल," मेघा म्हणाली. मीटिंगमध्ये सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. कुसुमताई तेवढ्या बोलल्या — "नातीसाठी जीव तुटते वं. पण इन्कम टॅक्सवाले घरी आले तर मी कोणाले बोलावू?"

११ सप्टेंबर
मी देणार शपथपत्र. आमचे वीस लाख कॅश सावनेरचं शेत विकून आलेले. लपवायचं काय त्यात?

ह्यांना सांगितलं तर ताटावरून उठले. "तुले काहून नसते उद्योग पाहिजे? महापालिकेत बिल्डिंगचे नकाशे मंजूर होतात माह्या टेबलावरून. नोकरी जाईन माही!"

शेत विकणाऱ्याची नोकरी जाते? भित्रा माणूस!

१५ सप्टेंबर
मेघाला शेतविक्रीचा कागद हवाय. हे म्हणतात, सापडत नाही. उद्या मीच जाते सावनेरला.

१६ सप्टेंबर
तलाठी हसला — "वावर तर तुमच्या मनोहररावांच्याच नावानं आहे! विकलं कोण म्हणते, बाई?"

बांधावर जाऊन आले. कपाशी कमरेला लागलीय.

शेत विकलंच नाही, म्हणजे वीस लाख आम्ही दिलेच नाहीत. आमच्या बिल्डिंगचा नकाशा ह्यांनीच पास केला — त्याच्या बदल्यात हा फ्लॅट निम्म्या किमतीत! सहा वर्षं मी त्यात देवपूजा करतेय.

मेघाला फोन लावला. शपथपत्र देतेय म्हटलं — फक्त मजकूर बदलायचाय.