नांदुऱ्याचे इंजिन

५ ऑक्टोबर १९४६, नांदुरा
आमची छोटी लॉरी स्टेशनाजवळ उभी. इंजिनाच्या ब्लॉकला तडा. दुरुस्ती अशक्य. या मॉडेलचे नवे इंजिन आता येत नाही. सबब जुने पण चांगले शोधणे.

बाबांचा बुलढाण्याहून निरोप: वामनराव किराणावाल्यांचा दिवाळीचा माल धनत्रयोदशीच्या आत घाट चढून वर बुलढाण्याला पोचला तर लॉरी ठेवू, नाही तर विकू. विकली तर मी अकोल्याला, काकांच्या शिवणयंत्रांच्या दुकानात, गिऱ्हाइकांना टाके घालून दाखवायला. जबलपूरच्या लष्करी वर्कशॉपात दोन वर्षे मायक्रोमीटर हाताळला तो यासाठी नव्हे.

निश्चय: घाई नाही. भावना नाही. विकणाऱ्याला चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचे नाही. (हे मला जन्मतः जमते.)

७ ऑक्टोबर
रहेमतुल्ला चाचांच्या वखारीत लष्करी लिलावातला माल. तीन इंजिने. तिसरे उत्तम. मी निर्विकार राहिले. फक्त नंबर वाचण्यासाठी त्यावरची धूळ पुसली. रुमाल नव्हता म्हणून पदराने. चाचा म्हणाले, "पसंत आलं म्हन, बेटी."

मी सांगितले, तिन्ही सारखीच वाटतात.

"मंग बाकी दोघायले काऊन नाही पुसलं?"

प्रश्नाला तांत्रिक आधार नाही.

८ ऑक्टोबर
इंजिन चालवून पाहायला गेले. आधी ब्लॉकला हात लावला: कोमट. म्हणजे थंड इंजिनाची कुरकुर मला ऐकू येऊ नये म्हणून मी येण्यापूर्वीच चालवून ठेवले होते. चाचा म्हणाले, "उन्हानं तापलं असंन." इंजिन छपराखाली आहे. मी छपराकडे पाहिले. तेही पाहू लागले आणि हसले. उद्या सकाळी थंड इंजिन चालवायचे ठरले.

९ ऑक्टोबर
थंड इंजिन दुसऱ्या हँडलला सुरू. मग उघडून सिलिंडर मोजले. झीज इंचाच्या हजाराव्या भागांत, पूर्ण मर्यादेत. घेतले.

किंमत माझ्या अंदाजाच्या वर गेली. कारण: बाजार. मनकर्णाआत्या, जिच्याकडे मी उतरले आहे, तिच्या मते कारण: माझा चेहरा. "नवरदेवाकडे पाहावं तशी पाहून राह्यली होती म्हने तू त्या लोखंडाकडे. चाचा साऱ्या बाजारात सांगून राह्यले." आत्याला इंजिनातले कळत नाही.

१४ ऑक्टोबर
बसवण्याचे काम. नव्या इंजिनाचे पोट खोल. तळ पुढच्या आसाला टेकतो. किरकोळ अडचण. सागाच्या फळ्या खाली देऊन इंजिन साडेचार इंच उचलले. आता बॉनेट बंद होत नाही. हवा चांगली लागेल. म्हणजे फायदाच.

आमचा ड्रायव्हर कडूबा म्हणाला, "ताई, नागानं फना काढल्यावानी दिसून राह्यली." दिसण्याचा विचार या कामात येत नाही.

१८ ऑक्टोबर
चाचणी. मोताळ्याच्या रस्त्याला बरेच अंतर गेलो-आलो. आवाज गोल, धूर नाही, ताकद भरपूर. रस्ता सपाट होता, पण इंजिन ते इंजिन. बाबांना निरोप: सर्व मापे बरोबर, सोमवारी माल घेऊन येते. आत्याने विचारले, "घाट चढंन ना?" मी हसले. (क्वचित हसते.)

२१ ऑक्टोबर, सोमवार. बुलढाणा, रात्री
सकाळी माल भरला: गूळ, खोबरे, पणत्या, फुलबाज्यांची खोकी. मोताळ्यापर्यंत उत्तम. राजूरच्या घाटात पहिल्याच चढावर इंजिन बंद. मागच्या चाकांना दगड लावले. थोडे मागे, सपाटीवर आणले की चालू. चढावर नेले की बंद.

कारण मी लगेच शोधले. (दुपार झाली होती.) या लॉरीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी सीटखाली, तिथून पेट्रोल नळीने आपल्या वजनाने पुढे इंजिनाकडे उतरते. इंजिन मी साडेचार इंच उचललेले. त्यात चढावर लॉरीचे नाक वर. इंजिन टाकीच्याही वर जाते आणि पेट्रोल काही वर चढत नाही. हा नियम मला माहीत होताच. फक्त वापरायची वेळ आली नव्हती.

उपायही त्याच नियमात. नाक खाली ठेवून चढायचे. म्हणजे रिव्हर्समध्ये. कडूबाने टोपी काढून डोके खाजवले. "सारा घाट, ताई? लोक काय म्हनतीन?"

मी म्हटले, लोकांना गुरुत्वाकर्षण माहीत नाही.

"मले बी नाही माहीत. पन मान माही दुखंन ना!"

निघालो. मी मागे मालावर बसून दिशा सांगत होते, म्हणजे खरे तर पुढे. इंजिन सुरेख चालले. अर्ध्या घाटात एका बैलगाडीवाल्याने बैल थांबवले. "काऊन बे कडूबा, नांदुऱ्याले जाऊन राह्यला का बुलढान्याले?" कडूबा म्हणाला, "ताईले विचार." मी बुलढाणा असे सांगितले. त्याने खात्रीसाठी दोन्ही दिशांना पाहिले.

घाटमाथ्यावर लॉरी वळवायची होती, पण टाकीत थोडेच पेट्रोल उरले होते आणि गावातही चढ आहेत. म्हणून तशीच आणली. बाजारात गर्दी होती. बहुधा दिवाळीची.

२२ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
माल वेळेत. एकही पणती फुटलेली नाही. वामनराव म्हणाले, "पाठमोरा आला, पन आला." कापसाच्या मोसमाचे कामही आम्हालाच दिले. बाबा म्हणाले, लॉरी विकायची नाही. अकोला रद्द.

शांतपणे विचार केला. कापूस बुलढाण्याहून खाली नांदुऱ्याला जातो. उतारावर नाक खाली, पेट्रोल आपोआप पुढे. म्हणजे हे इंजिन मोसमाला अनुसरूनच निवडले गेले आहे. रिकामी लॉरी वर आणताना कडूबाला थोडा मानेचा व्यायाम.

निश्चय: टाकी उंच बसवणे, लवकरच. तोवर कोणालाही खुलासा देणे नाही. सणाच्या गडबडीत लोक दोन दिवसांत विसरतील.

२४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
संध्याकाळी लॉरीची पूजा. मी स्वतः बॉनेट स्वच्छ पुसून ठेवले होते. (फडक्याने.) ताट घेऊन बाहेर आले तर बॉनेट कोरडेच. झेंडूचा हार, कुंकू, आंब्याची पाने, सगळे मागच्या फळीला. शेजारीपाजारीही मागेच उभे. कडूबा नारळ घेऊन मागच्या चाकापाशी.

बाबांना हळूच सांगितले, लॉरीचे तोंड पुढे असते.

बाबा म्हणाले, "असंन, बाई. पन गावानं तिले या बाजूनं येतानी पाह्यलं. त्या बॉनेटाले आता कोनी ओळखत नाही."

बॉनेटपाशी एकटीनेच हात जोडून उभे राहणे बरे दिसले नसते. ताट घेऊन मागे गेले.