परीक्षेतली परी

३ जुलै
"मॅडम, परी काही परीक्षेत येत नाही!" — मुख्याध्यापक किशोर सर. बैठकीतले सगळे शिक्षक हसले.
मी म्हटलं, "पहिली दोन अक्षरं तीच आहेत, सर."
कोणी हसलं नाही.
१५ तारखेला वाचन परीक्षा. तिसरीतली निकिता तोवर उतारा वाचू शकली नाही, तर माझा गोष्टीचा तास बंद. त्या जागी सराव. "कमल, घर बघ. छगन, नळ बघ." पुढे काय झालं, असं कोणतं मूल विचारेल? कमलनं घर बघितलं. संपलं!

४ जुलै
राक्षसाची गोष्ट वाचली. अट नेहमीचीच — हुंकार थांबला की गोष्ट थांबली. निकितानं शेवटपर्यंत "हं" दिला. मग पुस्तक ओढून घेतलं. 'राक्षस'वर बोट. "बाई, ह्यो लय येळा येतो." पानापानावर शोधत बसली. क्ष तिला कालपर्यंत येत नव्हता.

९ जुलै
निकिताची आई फाटकाशी. लंकाबाई. भातरोपांची लावणी, इथली आवणी, सोडून आलेली, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.
"बाई, काय शिकवलं पोरीला? मी भाकरी थापते अन् ही म्हणते, हं म्हण, नाय तर पुढचं सांगणार नाय! मला हाय का येळ?"
मी माफी मागितली नाही.

१५ जुलै
फळ्यावर सरांचं वळणदार अक्षर: वाचन परीक्षा. निकिता उतारा सोडून फळ्याकडेच बघत राहिली. "परी..." थांबली. मग ओरडलीच — "राक्षसातला क्ष! परीक्षा! सर, दोघंबी हितंच हायेत!"
वर्ग खिदळला. सर नाही.
उताऱ्यात ती चौथ्या ओळीला अडली. नोंद: नापास.

१६ जुलै
तास बंद. "पुस्तकं कपाटात घाला, किल्ली माझ्याकडे द्या." दिली. एक पुस्तक कपाटात नाही. निकिताच्या दप्तरात आहे. सरांनी विचारलं तर हेच सांगेन.

२१ जुलै
निकिता गुरुवारपासून गैरहजर. शाळा सुटल्यावर त्यांच्या शेतावर गेले. आवणीच्या बायांची वाकलेली रांग. बांधावर प्लास्टिकचा कागद पांघरून निकिता, मांडीवर पुस्तक. अडते, अक्षर सोडवते, पुढे जाते. मग मान वर —
"हं म्हणा की!"
चिखलातून सात जणी, लंकाबाई सगळ्यांत मोठ्यानं — "हं!"