निखाऱ्यांचा डबा

४ मार्च, मंगळवार

आजही गेली सूनबाई! कामावरून आली, पर्स खुर्चीत टाकली, तोंडावर पाणी मारलं आणि "आई, येते हं, एक खोली बघायचीय." मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चिरंजीव घर सोडून गेले त्याला अख्खा हिवाळा झाला. "माझं इथे मन लागत नाही" — एवढं बोलून बॅग उचलली. बायकोला धड कारण नाही, आईला नाही. मी रोज फोनकडे बघते. येईल, नवराबायकोचं जुळेल, असं वाटतं. आणि इकडे सूनबाई खोल्या बघते. नवराच नाही तर सासूकडे कशाला राहायचं, असं तिला वाटत असणार. मी विचारत नाही. विचारलं आणि "हो, पुढच्या महिन्यात जाते" म्हणाली तर?

नाक्यावरच्या शिक्षकांची शिलाईला आलेली पँट एकदा आखूड केली, मग विसरून पुन्हा केली. आता ती त्यांच्या मुलाला होईल. माझं लक्षच नाही.

५ मार्च, बुधवार

आज खोली नाही! संध्याकाळी दोघी टीव्हीसमोर.

मालिका तिची. कार्टून आहे, पण मोठ्यांचं — ज्वालामुखीच्या पोटात राहणाऱ्या पहारेकऱ्यांचं. सुरुवातीला मला सगळे सारखेच दिसायचे, काजळी फासलेले. आता कोण कुणावर रुसलंय तेही मला पाठ! या मालिकेचं वेड लागलेल्यांचा मोठा गट आहे म्हणे, सूनबाई त्यात आहे. कोण पहारेकऱ्यांचे झगे शिवतं, कोण चित्रं काढतं. "आई, तुम्ही झगा शिवलात तर पहिला नंबर!" म्हणाली होती कधीतरी. हसली होती तेव्हा.

आजच्या भागात म्हातारीनं नव्या पहारेकरणीला 'निखारा' दिला. निखारा म्हणजे काळं बिस्कीट, चिरांमधून लालभडक. खाल्लं की नाकाडोळ्यांतून पाणी. एकाचे दोन तुकडे करायचे, दोघांनी खायचे, आणि तोंड पोळतंय तोवर एकमेकांशी खोटं बोलायचं नाही — असा त्यांचा नेम.

सूनबाई पडद्याकडे बघतच म्हणाली, "मला एकदा खरोखर खाऊन बघायचाय."

शुक्रवारी, चौदाला, तिचा वाढदिवस.

६ मार्च, गुरुवार

जन्मात बिस्कीट केलेलं नाही. बिस्कीट ही आणायची गोष्ट!

७ मार्च, शुक्रवार

केलं. मोबाईलवर एका बाईचं बघून. लोणी, साखर, मैदा, कोको, किसलेलं चॉकलेट. तिखट माझ्या अंदाजानं. तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली! अंदाज आमटीचा, काम बिस्किटाचं. वर त्याच हातानं डोळा चोळला. नळाखाली डोकं धरून उभी आणि दारात पँटवाले शिक्षक. "काय झालं हो? सगळं ठीक ना?" म्हटलं, "कांदा." डोळा टोमॅटोसारखा, त्यामुळे पँटीबद्दल बोलायचं त्यांना सुचलंच नाही. एक फायदा!

बिस्किटं म्हणजे दगड. आमची सूनबाई कवळ्या बनवते, दातांच्या डॉक्टरांसाठी — ही बिस्किटं गावात वाटली तर तिला सहा महिने मान वर करायला फुरसत मिळणार नाही.

संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या नाक वर. "आई, काही जळलं?"

"इस्त्री विसरले गं."

गेली. खोली बघायला.

८ मार्च, शनिवार

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला विचारलं. आधी हसून घेतलं त्यानं. "मावशी, बिस्किटं घरी करायला लागलात, मग आम्ही काय पँटी शिवायच्या?" मग दगड चावून बघितला, म्हणजे प्रयत्न केला. म्हणाला, "कच्चं वाटतंय तेव्हाच बाहेर काढा. बाहेर बसून कडक होतं ते. तुम्ही आतच कडक करताय."

आणि तिखटाचं? "कोकोबरोबर थोडी दालचिनी टाका. तिखट आधी जिभेला कळू देऊ नका. मागून येऊ दे."

मागून येऊ दे! आमच्या घरात सगळं तसंच येतं.

१० मार्च, सोमवार

आज मऊ झाली. पण पसरली! एकाला एक चिकटून ताटभर डांबर. चव मात्र — आहाहा. आधी गोड, मग कडू, मग सावकाश कानाच्या पाळ्या गरम. उभ्या उभ्या चार खाल्ली.

चिरंजीवांचा फोन आला. तब्येत, पाऊसपाणी. मी म्हटलं, "शुक्रवारी तिचा वाढदिवस आहे." तर "हो का" म्हणाला. हो का!! तीन वर्षं संसार केला त्या पोरीबरोबर.

फोन ठेवला. राग यायला हवा होता, पण लाज वाटली. माझाच ना तो.

११ मार्च, मंगळवार

पीठ फ्रिजमध्ये ठेवून मग भाजलं. पसरत नाही! चिरांसाठी लाल जाम पातळ केला, त्यातही चिमूटभर तिखट. सुरीनं चिरा पाडायच्या, जाम सोडायचा. शिलाईचा हात आहे, रेघ वाकडी जात नाही. अंधारात ठेवलं तर पेटलंय असं वाटेल.

सूनबाई साडेनऊला आली. दमलेली. "कशी होती खोली?" विचारलंच शेवटी.

"ठीक होती. उजेड कमी."

बरं झालं, उजेड कमी होता.

१३ मार्च, गुरुवार

सगळी झाली. पत्र्याच्या डब्यात कागद घालून रचली. काळ्या अस्तराचं कापड उरलं होतं, त्याची पिशवी शिवली, पहारेकऱ्यांच्या झग्यासारखी, टोपीसकट. कपाटात साड्यांमागे लपवलाय डबा. साड्यांना चॉकलेटचा वास!

तिला वाटेल, सासू लाडीगोडी लावतेय. लेकाची चूक बिस्किटांनी पुसतेय. आणि जायचं ठरवलंच असेल तर हा डबा म्हणजे निरोपाचा खाऊ.

१४ मार्च, शुक्रवार

काय सांगू! जमेल तसं लिहिते, बोटांना अजून जाम आहे.

लवकर आली ती. मी पिशवी पुढे केली. तिनं झग्याची टोपी बघितली आणि तिथेच थांबली. डबा उघडला. वरचा कागद बाजूला केला. मला वाटलं, संपलं, फसलं. मग म्हणाली, "हे निखारे आहेत." मी म्हटलं, "आहेत बाई. जपून खा." आणि ती जी रडायला लागली! अजून खाल्लासुद्धा नव्हता!

मग डोळे पुसले, एक उचलला, मधोमध मोडला. अर्धा माझ्या हातात ठेवला. "नेम माहितीये ना, आई?"

"माहितीये."

खाल्ला. आधी गोड. मग कडू. मग आला मागून! ती तोंडानं वारा घेत म्हणाली, "आधी तुम्ही."

मी काय तयारी केली होती? काही नाही. तोंड पेटलेलं, नाक गळतंय, आणि म्हणून गेले — "तू जाऊ नकोस. तो येवो न येवो. मला तू हवीस घरात."

तिनं नाक पुसलं. मग म्हणाली, "मी एकही खोली बघितली नाही."

"म्हणजे?"

"एकही नाही. वाचनालयात बसते. ते बंद झालं की बसस्टॉपवर. मला वाटलं, मी दिसले की तुम्हाला तो आठवतो. तुम्ही कधी 'जाऊ नकोस' म्हणाला नाहीत. 'बरं' म्हणायचात फक्त."

"अगं, मी विचारत नव्हते, तू हो म्हणशील म्हणून!"

"आणि मी घरी बसत नव्हते, तुम्ही 'कधी जातेस' विचाराल म्हणून!"

दोन शहाण्या! महिनाभर ती थंडीत बसस्टॉपवर आणि मी इथे पँटी बिघडवतेय! हसायला लागलो ते थांबेचना. एकीला ठसका, दुसरीला उचकी. पाण्यानं तिखट जाईना. शेवटी दूध प्यायलो पातेल्यातूनच.

तिनं डब्याचे फोटो गटावर टाकले. कुणीतरी विचारलं, कुठून मागवले? तिनं लिहिलं — "माझ्या आईनं केलेत." सासूबाई लिहिलं नाही. मी चष्मा लावून दोनदा वाचलं.

१५ मार्च, शनिवार

झोप कशी लागली! छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेल्यासारखी. सकाळी नऊला उठले, मी! स्वयंपाकघरात सूनबाई, चहाबरोबर निखारा. "आई, तिखट कमी पडलंय हं जरा." बघा!

शिक्षकांना नवीन पँट शिवून देणार. कापड माझं. माणसाचं चांगलं झालं की उदारपणा सुचतो.

१८ मार्च, मंगळवार

दुपारी बेल. चिरंजीव, बॅगेसकट. "आई, मी परत आलो."

हेच ऐकायला हिवाळाभर फोन उशाशी घेऊन निजले. आणि आज पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बरं झालं, ती कामावर आहे.

"बॅग बाहेरच राहू दे," म्हटलं. "तिला विचारल्याशिवाय नाही."

"आई, घर माझं आहे हे!"

"तिचंही आहे."

पाणी दिलं. उंबऱ्याबाहेर उभा राहून प्यायला. आत घेतलं नाही.