ताईंचं सूप

ताई,

नमस्कार लिहवत नाही. पोटातल्या जुळ्यांसाठी भरपूर खायचं, म्हणून तुम्ही आणलेलं सूप मी वाटीभर प्यायले. संपल्यावर तुम्ही हसत म्हणालात, "डुकराच्या हाडांचं होतं. झालं का काही?"

ज्यू असून कोशेर तुम्ही सोडलंत, मी पाळते. धर्माने वर्ज्य ते मी खात नाही, हे ठाऊक असून! मी मोरीत भडाभडा ओकले. त्याहून किळस तुमच्या हसण्याची आली. अंडी, डाळी, मासे खाऊन माझं वजन छान वाढत होतं. तुम्ही विचारलंतही नाही.

तुमचा भाऊ म्हणाला, "ताईला सांगतो, यापुढे रिकाम्या हाताने ये."

मी म्हटलं, "येऊच नको म्हणावं."

त्याने तसंच सांगितलं. हे पत्र पाठवणार नाही. वाचून पुन्हा तशाच हसाल.

पोटभर जेवून उठलेली,
तुमची भावजय