भोंग्याची बायको

६ नोव्हेंबर

कोपऱ्यातली खोली लागली एकदाची! नवरा-बायको आहेत, साठीच्या पुढचे. त्यांच्या घराचं छप्पर उतरवलंय, दुरुस्ती होईपर्यंत मुक्काम आमच्याकडे. राहणं आणि सकाळचा नाश्ता.

नवरा दारातूनच ओरडला, "खोलीत ऊन येतं ना?" मी समोरच उभी, हातभर अंतरावर! हे आतून धावत आले. त्यांना वाटलं, भांडण जुंपलं. लगेच बारसंही करून टाकलं. भोंगा!

बायको चणीनं लहान, हसरी. नाश्ता किती वाजता ठेवू, म्हणून तिला विचारलं, तर उत्तर त्यानं दिलं. ती नुसती हसली.

८ नोव्हेंबर

नाश्त्याच्या टेबलावर पुन्हा तेच. "अगं ए! अंडं उकडलेलं की तळलेलं?" आणि हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं — चारचौघांत! ती मुकाट "उकडलेलं" म्हणाली.

ग्रंथपालबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. बाईंचा जन्म वाचनालयात गेला, लोकांना "हळू बोला" सांगण्यात. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आठवडाभरासाठी आल्या, त्या राहिल्याच. आता घरच्यासारख्या आहेत. आवाज चढला की त्यांच्या छातीत धडधडतं. खरंच धडधडतं, गोळ्या चालू आहेत.

११ नोव्हेंबर

दुपारी भोंगा घोरतो तेव्हा त्याची बायको बाईंच्या खोलीत जाऊन बसते. चहा द्यायला गेले तर बाई बोलत होत्या — अगदी हळू, खाली मान घालून, हातात विणकाम. ही ऐकत होती. मला बरं वाटलं. कुणीतरी मिळालं बिचारीला.

नंतर बाई मला म्हणाल्या, "माझी आई अशीच होती. वडील अंगावर ओरडायचे, ती हसायची. हसता हसताच गेली. आम्ही सगळे बघत बसलो."

कपबशा घेऊन खाली आले.

१४ नोव्हेंबर

बाजाराच्या रस्त्यावर भोंगा दिसला. बायकोचा दंड धरून तिला असं खस्सकन ओढलं की पिशवीतले टोमॅटो रस्ताभर! मागून एक सायकलवाला घंटी वाजवत निघून गेला. वर हाच तिच्यावर खेकसतोय, "लक्ष कुठं आहे तुझं?"

घरी येऊन ह्यांना म्हटलं, माणूस आहे की कोण! हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तिची तक्रार नाही, तुझी का?"

सगळे पुरुष एकाच माळेचे मणी!

१५ नोव्हेंबर

भोंगा गेला. सकाळी, व्हरांड्यातल्या खुर्चीत.

१६ नोव्हेंबर

काल लिहवेना. कॉफी घेऊन रोजच्या जागी बसला होता. ती बागेत होती. मी कप उचलायला गेले तर मान एका बाजूला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतंच. तरी त्यांना काहीतरी खटकलं असावं, कप आणि बशी बरोबर नेली.

ती रडली नाही. त्याचा हात हातात घेऊन बसून राहिली. डॉक्टर मागून काही विचारत होते, तिनं वळूनही पाहिलं नाही. हे पुटपुटले, "सुटली म्हणायची." मी डोळे वटारले. पण मनात माझ्याही तेच आलं होतं.

१८ नोव्हेंबर

इन्स्पेक्टरबाई आल्या. तरुण आहेत, मला काकू म्हणतात. कॉफीत औषध होतं. हृदयाच्याच गोळ्या — ज्या त्याला कधी नव्हत्या!

आमच्या घरात! जिथं मी रोज पोळपाट घेऊन बसते, त्या स्वयंपाकघरातून गेलेल्या कपात! कॉफी कोणी केली? मी.

गोळ्या ग्रंथपालबाईंच्या. त्यांनीच सांगितलं, "बाटली टेबलावर उघडी असते. खोलीला मी कडी लावत नाही." मग त्या खोलीत रोज कोण यायचं ते विचारलं गेलं. सगळ्यांच्या नजरा एकीकडेच गेल्या.

ती आपली हसली. त्या घडीला हसली!

१९ नोव्हेंबर

तिला घेऊन गेले.

इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "काकू, उत्तरं सगळी वेडीवाकडी. नवरा त्रास द्यायचा का विचारलं, तर म्हणते, हो, रोज सकाळी, अंडं लागायचंच. पण एक कबूल केलंय. कॉफी तिनंच नेऊन दिली."

त्या गेल्या आणि मी ओट्याशी उभी राहिले. कॉफी तिनं नेली? रोज न्यायची, खरं. पण त्या दिवशी मी ट्रे भरला आणि बाई दारात आल्या. "द्या, आज मी नेते. ती बागेत रमलीय." मला केवढं कौतुक वाटलं होतं! बाई कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत.

मला कुणी ट्रेचं विचारलंच नाही. मलाही आठवलं नाही. मदत केलेली कोण ध्यानात ठेवतं?

ह्यांना अजून बोलले नाही. बाईंशीच आधी बोलेन. इतक्या दिवसांचं माणूस आहे.

२० नोव्हेंबर

मटार सोलत बसले होते. बाई आल्या, समोर बसल्या, शेंगा ओढून घेतल्या. मी म्हटलं, "त्या दिवशी ट्रे तुम्ही नेलात."

हात थांबले नाहीत. "वाटच बघत होते, तुम्हाला कधी आठवतंय."

"अहो बाई, ती आत आहे!"

"तिला नेतील असं नव्हतं वाटलं मला. हृदय म्हणतील, संपेल. नेलं तेव्हा उठायला हवं होतं. पाय उचलेनात." टरफलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "एक तुम्हालाच सांगते, पोलिसांना नाही. मी तिला विचारलं होतं. म्हटलं, तुला सुटायचंय का ह्यातून? मी केलं काही तर चालेल? तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. दोन्ही वेळेला."

हसरी, चणीनं लहान, उकडलेलं अंडं खाणारी — तिला ठाऊक होतं!

"मी एकटीनं केलं असंच सांगणार," बाई म्हणाल्या. "तुम्हीही तेवढंच ठेवा."

शाल घेऊन निघाल्या. हे बरोबर गेले, पार चौकीपर्यंत. परत आले ते न जेवताच आडवे झाले. मटार तसेच पडलेत.

२३ नोव्हेंबर

तिला सोडलं. आज सामान न्यायला आली. मला तिचं तोंड बघवेना. दारातूनच म्हटलं, "चहा ठेवू?" पाठमोरी होती, उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मला संताप आला. जाऊन खांद्याला हात लावला, तर केवढी दचकली!

"ताई, समोर येऊन बोला हो. मोठ्यानं. ते गेल्यापासून मला काहीच ऐकू येत नाही."

मी समोर जाऊन पलंगावर बसले.

कान गेले त्याला बरीच वर्षं झाली. यंत्र नको म्हणाली, लोक बहिरी म्हणतील. कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ तिनंच घातली त्याला. "मग लोक त्यांनाच तिरसट म्हणायचे. ते म्हणायचे, म्हणू दे. तू हसत राहा फक्त."

भोंगा. हसत होतो आम्ही दोघं त्या नावाला.

२४ नोव्हेंबर

गाडी आली. फाटकाशी तिनं माझे हात धरले. "बाईंनी असं का केलं हो? रोज दुपारी इतक्या मायेनं बोलायच्या माझ्याशी. एक अक्षर कळायचं नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आपली मान हलवायची. तुम्हाला माहितीय का, काय बोलायच्या त्या?"

मी नाही म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडून म्हणावं लागलं.